मिटत्या पात्याची मीमांसा

ज्याचे पाते मुठीत मिटते असा चाकू म्हणजे बुद्धिपुरस्सर पत्करलेले एक वैगुण्य होय. अखंड पोलादाच्या सुरीत पाते आणि मूठ यांच्यामध्ये दुसरे काहीच नसते. हाताचा जोर विनाविघ्न धारेपर्यंत पोहोचतो, आणि ती मोडलीच तर पोलादाच्या दोषाने मोडते. मिटत्या चाकूत मात्र, जेथे ताण सर्वांत अधिक पडावयाचा नेमक्या त्याच जागी, कारागीर स्वहस्ते छिद्र पाडतो, त्यात खिळा बसवितो आणि त्या एका खिळ्यावर साऱ्या हत्याराचा भरवसा ठेवतो. हे वैगुण्य मनुष्याने पत्करले ते एका मोठ्या सोयीच्या मोबदल्यात: मूठ हीच म्यान झाली, लांबी निम्मी झाली, आणि कमरेला लटकणारे शस्त्र खिशात मावणारे उपकरण बनले. परंतु या सौद्यातून एक नवी अडचण उद्भवली, आणि पुढील प्रकरणांत ज्या रचनांचे वर्णन येणार आहे त्या सर्व या एका अडचणीच्या पोटी जन्मलेल्या आहेत. चाकू खिशात असताना पात्याने काही झाले तरी उघडू नये. तो हातात असताना पात्याने काही झाले तरी मिटू नये. आणि या दोन अवस्थांमधला प्रवास मात्र धन्याच्या इच्छेसरशी, अनायासे घडावा. पहिल्या दोन अटी कसोशीने पाळाव्यात तर तिसरी बिघडते. तिसरीला सवलत द्यावी तर पहिल्या दोहोंपैकी एकीवर तरी पाणी सोडावे लागते.

या विषयावरचे इंग्रजी वाङ्मय विपुल आहे, परंतु त्यातील बरेचसे पोलादाच्या जाती, मुठींचे हस्तिदंत आणि कारखान्यांच्या वंशावळी यांतच रमते. तो क्रम मला रुचत नाही. चाकूच्या रचनेचा इतिहास समजून घ्यावयाचा तर हाताचा हिशेब मांडला पाहिजे, असे माझे मत आहे: पाते उघडण्यात किती हात गुंतले, मिटविण्यात किती, आणि कापावयाची वस्तू त्या वेळी कोणी धरली होती? आपल्या स्वयंपाकघरातील विळीने हा प्रश्न फार पूर्वी पायाखाली घालून निकालात काढला. पाते पाटाला जखडले, पाट पायाने दाबला आणि दोन्ही हात भाजीला मोकळे राहिले. घडीच्या विळीचे पाते मिटते खरे, पण ते पोरांचे हातपाय वाचावेत म्हणून, खिशात जावे म्हणून नव्हे. खिशातल्या चाकूला असा पाय नाही. त्याला मोकळ्या हाताचा शोध आपल्या खिळ्याच्या आसपासच घ्यावा लागला, आणि तो शोध सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या पदरात पडावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

आरंभीच्या चाकूंत कमान नव्हती, खटका नव्हता. होते ते निव्वळ घर्षण. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे लोहयुगातला, सुमारे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला, हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सापडलेला आहे. रोमन साम्राज्याच्या काळातील मिटते चाकूही पुष्कळ आढळतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तर चमचा, काटा आणि दात कोरण्याची काडीसुद्धा एकाच चांदीच्या दांडीत मिटवून ठेवणारे एक रोमन उपकरण आहे, ते पाहिले की प्रवासी धनिकांच्या गरजा अठराशे वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत असे वाटू लागते. या जुन्या जातीचा आपल्या परिचयातला वंशज म्हणजे न्हाव्याच्या धोपटीतला वस्तरा. त्याच्या पात्याला खिळ्यापलीकडे गेलेली एक शेपटी असते. तिच्यावर बोट टेकले की पाते उघडते, आणि दाढी करताना तीच शेपटी करंगळीच्या आधाराने पात्याला स्थिर ठेवते. वस्तऱ्यात कुलूप नाही, कारण कुलपाचे काम हातच करतो.

हीच युक्ती जपानच्या ह्योगो प्रांतातील मिकी या लोहारांच्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'हिगोनोकामी' या नावाच्या चाकूत अवतरली. पत्र्याची घडी घालून केलेली मूठ, एक खिळा, एक पाते आणि पात्याच्या मागे बाहेर डोकावणारी लहानशी पट्टी, एवढाच त्याचा संसार. कापताना अंगठा त्या पट्टीवर येऊन दाबून बसतो, आणि जोवर अंगठा तेथे आहे तोवर पाते मिटणे शक्य नाही. अंगठा उचलला की चाकू पुन्हा भोळा होतो. पेन्सिली तासावयास शाळकरी मुले हाच चाकू वापरीत. १९६० च्या ऑक्टोबरात समाजवादी पुढारी असानुमा यांची टोकियोतील भर सभेत एका सतरा वर्षांच्या तरुणाने हत्या केली, आणि मुलांच्या हातात पाते देऊ नये अशी चळवळ त्या देशात जोर धरू लागली. हत्येचे शस्त्र आखूड तलवार होते. शिक्षा मात्र पेन्सिलीच्या चाकूला झाली. चाकूंच्या इतिहासात असा परभारे दंड भोगणारे आरोपी पुढेही भेटतील.

घर्षणाच्याच वर्गात फ्रान्समधील साव्वा प्रांताचा ओपिनेल मोडतो, आणि त्याच्यापाशी मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे. जोसेफ ओपिनेल याने १८९० साली तो घडविला. १८९७ मध्ये त्याचे एकपासून बारापर्यंत क्रमांकित आकार ठरले, त्यांतले पहिला आणि अकरावा हे दोन पुढे गळाले. बीच वृक्षाच्या लाकडाची एकसंध गोल मूठ, तिच्यात करवतीने पाडलेली एक चीर, तोंडाशी धातूचे कडे, आरपार एक खिळा आणि पाते: यांतून एकही वस्तू काढली तर तो चाकू राहणार नाही. पात्याला धरून ठेवण्याचे काम लाकडाच्या चिमटीने होते, आणि लाकूड म्हटले की पाणी आले. पावसाळी हवेत किंवा ओल्या हातांनी बीच फुगतो, चीर आवळते आणि पात्याच्या खाचेत कितीही नख खुपसले तरी ते हालत नाही. त्यावर साव्वातील शेतकऱ्यांनी काढलेला तोडगा असा, की मुठीचे बूड टेबलाच्या कडेवर नीट नेमाने आपटावे. धक्क्याने पाते आपल्याच वजनाच्या जोरावर बोटभर बाहेर येते. 'साव्वावाल्याचा ठोका' म्हणून ही क्रिया तिकडे प्रसिद्ध आहे. यंत्राच्या उणिवेवर यंत्र न वाढविता केलेली अशी तजवीज मला कोणत्याही नव्या खटक्यापेक्षा अधिक बुद्धिमान वाटते. तथापि उघडलेले पाते बोटांवर मिटण्याचा धोका शिल्लक होताच. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल याने मुठीच्या तोंडाशी चीर असलेले एक फिरते कडे बसविले. ते फिरविले की चिरेचे तोंड बंद होते आणि पात्याला परतीची वाट राहात नाही. पाते मिटलेले असतानाही कडे फिरवून त्याला आत कोंडता यावे ही सुधारणा पुढे, विसाव्या शतकाच्या शेवटी झाली. म्हणजे मी आरंभी सांगितलेल्या दोन अटी एका धातूच्या बांगडीने पुऱ्या केल्या, पण त्यासाठी हात दोन लागतात, आणि तेही सावकाश.

घर्षणाच्या जागी कमान आली तेव्हा चाकू हे खरे यंत्र झाले. हे यंत्र परिपूर्ण करण्याचे श्रेय प्रामुख्याने इंग्लंडातील शेफील्डला द्यावे लागते. तेथील चाकूकारांच्या संघाला १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने सनद मिळाली, आणि पुढे दोन-अडीचशे वर्षे भट्टीवर पाते ठोकणारा वेगळा, सहाणेवर धार लावणारा वेगळा आणि मूठ जडविणारा वेगळा अशी श्रमविभागणी करून या गावाने जगाचे खिसे भरले. त्यांच्या चाकूची रचना बाहेरून दिसत नाही म्हणून तिचे वर्णन येथेच करून ठेवतो. मुठीच्या पाठीच्या बाजूने पोलादाची एक ताठ कमान गेलेली असते. तिचे एक टोक पक्के जखडलेले, दुसरे मोकळे. पात्याचे बूड, म्हणजे खिळ्याभोवतीचा बिनधारेचा भाग, गोल नसून चौकोनी घासलेले असते. पाते पुरते उघडले की त्या बुडाची एक सपाट बाजू कमानीखाली येते आणि कमान तिच्यावर दाबून बसते. पुरते मिटले की दुसरी सपाट बाजू येते. मधल्या प्रवासात मात्र बुडाचा कोपरा कमानीला उचलून धरतो, आणि ती कमान उचलण्यास लागणारा जोर हाच उघडण्या-मिटण्यातला विरोध होय. येथे कुलूप कोठेच नाही. पाते दोन्ही टोकांना राहते ते कमानीला तेथे विसावा मिळतो म्हणून. बूड नीट चौकोनी असेल तर अर्ध्या वाटेवर, काटकोनात, आणखी एक विसावा मिळतो आणि मिटताना बोटांना सावध होण्यास क्षणभर अवधी सापडतो.

या जातीच्या चाकूची परीक्षा करावयाची असेल तर धार पाहू नये. धार कोणालाही लावता येते. पाते मिटलेले, अर्धे उघडलेले आणि पुरते उघडलेले अशा तिन्ही स्थितींत पाठीवरून बोट फिरवावे. तिन्ही वेळा कमान मुठीच्या पाठीशी समतल लागली, कोठे उंचवटा नाही, कोठे खड्डा नाही, तर तो चाकू जाणत्या हाताचा समजावा. कारण बुडाच्या तिन्ही बाजू खिळ्यापासून सारख्या अंतरावर घासण्यास कानशीवर जे प्रभुत्व लागते ते साच्यातून येत नाही. दुसरी खूण कानाची आहे. उत्तम चाकू उघडताना आणि मिटताना निर्भेळ टणक आवाज करतो. कुचकामी चाकू कुरकुरतो. बुडाच्या खालच्या अंगाला एक बारीक टेंगूळही ठेवलेले असते. पाते मिटताना ते कमानीवर टेकते, त्यामुळे धार स्वतः कमानीवर आपटून बोथट होत नाही. एकाच मुठीत दोन-तीन पाती शेजारी-शेजारी मिटवावयाची झाली तर कारागीर एखादे पाते बुडापाशी किंचित वाकवितो, म्हणजे ती एकमेकांना न घासता निजतात. ही वाक इतकी सूक्ष्म असते की आयुष्यभर तो चाकू वापरणाऱ्यासही ती दिसलेली नसते.

या पात्यावर जी अर्धचंद्राकृती खाच असते ती नखासाठी, आणि ती खाच म्हणजे दोन हातांची अट होय. एका हाताने मूठ धरा, दुसऱ्याच्या नखाने पाते ओढा. ज्या कामासाठी हा लहान चाकू जन्मला त्या कामात या अटीची अडचण नव्हती. पिसाच्या लेखणीला टोक काढणारा इंग्रज कारकून काय, किंवा पेशवाईच्या दफ्तरात बोरू तासणारा मोडीचा लेखक आणि त्याच्या कलमदानातला कलमतराश काय, दोघेही गादीवर नाहीतर खुर्चीवर स्वस्थ बसलेले, दोन्ही हात मोकळे, आणि घाई असलीच तर ती साहेबाला किंवा सरकारला. बर्मिंगहॅमच्या पोलादी टाकांनी एकोणिसाव्या शतकात पिसांची सद्दी संपविली, परंतु चाकू पेन्सिलीच्या आश्रयाने टिकून राहिला. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याचा माल तर हिंदुस्थानात इतका मानला गेला की चांगल्या चाकूची ओळख रॉजर्सच्या नावाने पटविण्याचा प्रघात पडला. याच कारखान्याने १८२२ साली तितक्याच पात्यांचा एक अवाढव्य चाकू बनविला आणि पुढे सालागणिक त्यात पात्यांची भर घालण्याची प्रथा ठेवली. कौशल्याचा नमुना म्हणून तो स्तुत्य आहे. चाकू म्हणून त्याने काकडीसुद्धा कापता येणार नाही.

कमानीचा सर्वांत काटकसरीचा उपयोग केला तो स्वित्झर्लंडातील कार्ल एल्सेनर याने. श्वित्स परगण्यातील इबाख येथे १८८४ मध्ये त्याने कारखाना काढला आणि १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला. सैनिकाचा चाकू वजनदार होता. अधिकाऱ्यांसाठी हलका आणि अधिक अवजारांचा चाकू करावयाचा तर प्रत्येक अवजाराला कमान देऊन मूठ फुगविणे परवडणारे नव्हते. एल्सेनरने एकाच कमानीच्या दोन्ही अंगांवर, पोटाशी आणि पाठीशी, अवजारे बसविली, आणि १८९७ साली दोन कमानींवर सहा अवजारे पेलणारा चाकू नोंदवून घेतला. आज लाल मुठीचा तो चाकू ज्याने पाहिला नाही असा मनुष्य विरळा. परंतु त्याच्या कीर्तीचे मूळ लाल रंगात किंवा बूच काढण्याच्या स्क्रूत नसून कमानीच्या या दुहेरी नोकरीत आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

कमान पात्याला आग्रह करते, सक्ती करीत नाही. टोकाने भोक पाडताना किंवा पाठीवर जोर पडताना पाते बोटांवर मिटू शकते, म्हणून सक्तीचे उपाय निघाले. स्पेनमधील आल्बासेते गावच्या नाव्हाखा चाकूंत पात्याच्या बुडाला दाते असत आणि कमान त्यांवरून एकेक दात अडकत जाई. तो कडकड आवाज ऐकूनच समोरच्याने समजून घ्यावे असा त्यात एक उद्देश होता की काय, असा संशय येतो. सौम्य प्रकृतीचा उपाय म्हणजे पाठीच्या पट्टीला तराजूच्या दांडीसारखे मध्यावर टेकवून तिच्या पुढच्या टोकाचा दात बुडाच्या खाचेत पाडणे. मागचे टोक दाबले की दात उचलला जातो. ही कल्पना जुनी. परंतु सान डिएगोच्या बक कारखान्याने १९६४ मध्ये पितळी टोपणांचा जो शिकारी चाकू काढला त्याने ती अमेरिकेत घरोघर पोहोचविली. पाते आता मोडेल पण मिटणार नाही, इतका विश्वास आला. नखाची खाच मात्र तशीच राहिली, आणि दुसरा हात अजून गुंतलेलाच होता.

त्या दुसऱ्या हाताला मोकळे करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे कमानीचा स्वभावच उलटविणे. शेफील्डच्या चाकूत कमानीला पात्याने आहे तेथेच राहावे असे वाटते. खटक्याच्या चाकूत तिला पाते सदैव बाहेर फेकावयाचे असते, आणि एक लहानशी कळ तिला अडवून धरते. मुठीवरची कळ दाबली की अडसर सुटतो. अमेरिकेत जॉर्ज श्रेड याने १८९० च्या दशकात असे चाकू पेटंट घेऊन मोठ्या प्रमाणावर बनविले, आणि तेव्हा त्यांत कोणास पाप दिसले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून परतणाऱ्या सैनिकांबरोबर तेथील मानियागो गावच्या कारागिरांचे लांबट, सुईसारख्या पात्यांचे खटक्याचे चाकू अमेरिकेत आले. ते टोळक्यांच्या हाती पडले, मासिकांनी आणि चित्रपटांनी त्यांना सैतानाचे रूप दिले, आणि १९५८ मध्ये आंतरराज्य व्यापारातून त्यांना हद्दपार करणारा कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या सिडनी ल्युमेटच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या चित्रपटात, आणि पुढे बासू चटर्जींनी त्यावरून केलेल्या 'एक रुका हुआ फैसला' मध्ये, खटक्याचा चाकू हा मुद्देमाल म्हणून ज्युरीच्या बारा जणांपुढे येतो. त्यात मला सर्वाधिक अर्थपूर्ण वाटते ती चाकू कसा पकडतात यावरची चर्चा: खटका दाबून उघडलेले पाते ज्या रीतीने हातात येते त्या रीतीने वार खालून वर जातो, वरून खाली नाही, असा तेथे युक्तिवाद आहे. यंत्राची रचना साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभी राहिल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या १९५८ च्या कायद्यातील एक अपवाद मात्र फारसा कोणी वाचीत नाही. ज्या मनुष्याला एकच हात आहे त्याने तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा खटक्याचा चाकू जवळ बाळगण्यास हरकत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भीतीच्या भरात लेखणी उचललेल्या विधिमंडळालाही हा चाकू कोणाची तरी गरज आहे हे नाकारता आले नाही. जर्मन हवाई दलाने १९३७ मध्ये छत्रीधारी सैनिकांना दिलेल्या चाकूत कमान पात्याला फेकीत नसे; तरफ दाबून मूठ खाली धरली की पाते आपल्या वजनाने घसरून बाहेर येई. झाडाला लटकलेल्या, एका हाताने दोऱ्यांना धरून राहिलेल्या माणसाला एकच हात असतो. ब्रिटनने १९५९ च्या कायद्याने खटक्याचे आणि वजनाने उघडणारे असे दोन्ही प्रकार एकाच कलमात बांधले.

कायद्याच्या कुंपणाला वळसा घालून मोकळ्या हाताकडे जाण्याची वाट एका साध्या भोकाने दाखविली. अमेरिकेतील कॉलोराडो राज्यातल्या सॅल ग्लेसर याच्या स्पायडरको कारखान्याने १९८१ मध्ये पात्याला अंगठ्याएवढे गोल छिद्र आणि मुठीला खिशाच्या कडेस अडकविण्याची पट्टी असलेला चाकू काढला. पट्टीमुळे चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्यांत आडवा न पडता नेहमी एकाच जागी, एकाच दिशेने उभा राहतो. छिद्रामुळे अंगठा नखाविना पाते ढकलू शकतो. येथे कोणतीही कमान पात्याला फेकीत नाही, सारे काम अंगठा करतो, म्हणून कायद्याच्या व्याख्येत तो बसला नाही. छिद्राऐवजी खुंटी हा त्याचाच पर्याय.

उघडणे एका हाताचे झाले, तर मिटविणेही तसेच व्हावे. मुठीच्या आतल्या पत्र्याला चीर देऊन त्याची एक जीभ आत वाकवून ठेवावी, पाते उघडताच ती उसळून त्याच्या बुडामागे टेकावी, आणि मिटविताना अंगठ्याने बाजूला सारावी, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी चाकूंतही दिसते. १९८० च्या सुमारास मायकेल वॉकर या कारागिराने तिला आजचे रूप दिले. पात्याच्या बुडाचा उतार थोडा तिरका असल्यामुळे जीभ झिजली की ती आणखी पुढे सरकते आणि ढिलाई आपोआप भरून निघते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या क्रिस रीव्ह याने आतला पत्रा वगळून टायटेनियमच्या मुठीलाच चीर दिली. त्यामुळे मूठ जितकी आवळावी तितके कुलूप घट्ट होते. याहून मला मोठी वाटते ती वॉकरच्याच रचनेतील एक क्षुल्लक गोळी. जिभेत पोलादाची मोहरीएवढी गोळी दाबून बसवितात, आणि पात्याच्या बुडात तिच्यासाठी एक खळगा असतो. पाते मिटले की गोळी खळग्यात पडते आणि चाकू खिशात उघडत नाही.

नंतरच्या कारागिरांनी या गोळीकडून एक अनपेक्षित काम करून घेतले. मिटलेल्या पात्याच्या बुडाचा एक कंगोरा मुठीच्या पाठीबाहेर ठेवून त्यावर तर्जनी दाबली, तर गोळी खळगा सोडीपर्यंत बोटाचा जोर साठत राहतो, आणि ती सुटताच साठलेला सगळा जोर पात्यात उतरून ते सपकन उघडते. जी गोळी पात्याला मिटलेले ठेवते तिच्याच हट्टामुळे ते वेगाने उघडते. गोळी सैल केली तर चाकू खिशातही असुरक्षित होतो आणि हातातही आळशी. पहिल्या आणि तिसऱ्या अटीतले वैर एका मोहरीने मिटविले, असे म्हणता येईल. काही कारखाने यात एक अर्धवट कमानही घालतात. ती आरंभी पात्याला आत ओढते आणि थोडे अंतर गेल्यावर बाहेर ढकलू लागते. अमेरिकेने २००९ मध्ये जुन्या कायद्यात दुरुस्ती करून अशा चाकूंना, ते मिटलेले राहण्याकडे झुकतात एवढ्या आधारावर, खटक्याच्या व्याख्येतून वगळले. या नव्या चाकूंना काळा रंग देऊन लष्करी थाटाची नावे ठेवण्याची जी टूम निघाली आहे तिच्याविषयी मला आस्था नाही; खोकी फोडणाऱ्या दुकानदाराला असल्या वेषांतराची गरज नसते.

यंत्र आणि कायदा यांची ही शिवाशिवी देशोदेशी वेगवेगळे रंग धारण करते. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या मिटत्या खिशातल्या चाकूस सार्वजनिक ठिकाणी मुभा ठेवली. पुढे न्यायालयाने असा निवाडा दिला की ज्याचे पाते कळ दाबल्याखेरीज मिटत नाही तो चाकू या मुभेस पात्र नाही. बोटे वाचविणारे कुलूप तेथे संशयास्पद ठरले आणि न वाचविणारी शेफील्डची कमान निर्दोष सुटली. जर्मनीने २००८ मध्ये एका हाताने उघडून पक्का होणारा चाकू विनाकारण बाळगण्यास मनाई केली, तेव्हा काही कारखान्यांनी पात्याची खुंटीच काढता येईल अशी ठेवली. न्यूयॉर्कमध्ये तर मनगटाच्या झटक्याने ज्याचे पाते उघडेल तो वजनाने उघडणारा चाकू, असा अर्थ पोलिसांनी वर्षानुवर्षे लावला. दुकानात राजरोस विकत घेतलेले चाकू बाळगणारे सुतार आणि मजूर त्यात अडकत राहिले, आणि ते कलम २०१९ मध्ये रद्द झाले.

आपल्याकडे या विषयाचा विचार निघाला की रामपूरचे नाव येणारच. उत्तर प्रदेशातील त्या नबाबी गावचा लांब पात्याचा चाकू मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणि हिंदी चित्रपटात इतका फिरला, की पडद्यावर त्याच्या खटक्याचा आवाज झाला की खलनायकाच्या हेतूविषयी प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नसे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील शासनाने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी घातली आणि धंदा बसला. २०२३ साली त्याच गावाच्या चौकात वीस फूट लांबीचा चाकू स्मारक म्हणून उभारण्यात आला. आपला १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील नियम मोजपट्टीने चालतात: घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी नसलेले पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र. ते कसे उघडते याची चौकशी त्यांत नाही. ती चौकशी केली दिल्ली प्रशासनाने. १९८० साली काढलेल्या त्याच्या अधिसूचनेत ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांबीच्या आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंदीच्या पात्याचे 'गरारीदार', 'बटनदार' आणि अन्य यांत्रिक युक्तीने उघडणारे वा मिटणारे चाकू निषिद्ध ठरविले आहेत. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे तेच तीन इंच; गरारी म्हणजे आल्बासेतेचे कडकडणारे दाते; आणि बटन म्हणजे श्रेडची कळ. 'अन्य यांत्रिक युक्ती' या शब्दांत मात्र शेफील्डची कमान, ओपिनेलचे कडे आणि वॉकरची गोळी ही सारीच ओढली जाऊ शकतात, आणि त्यांतील कोणती खरोखर ओढली जावी हे रचना जाणल्याखेरीज ठरविता येणार नाही. म्हणून पुढील प्रकरणांत प्रत्येक चाकूची आकृती पाते मिटलेले, अर्धे उघडलेले आणि पुरते उघडलेले अशा तीन स्थितींत दिली आहे, आणि मुठीची एक बाजू काढून कमानीचे मोकळे टोक कोठे टेकते ते दाखविले आहे.